व्यवहार वेशीत होऊ द्या

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एखादी वाडी विकली गेली, ही बातमी आजकाल गावाला माणूस सांगत नाही, जेसीबी सांगतो. एके सकाळी कुंपण निघते, लोंगर झाडावर असतानाच केळीची बाग आडवी होते, बावखलात भरावाचे डंपर रिकामे होऊ लागतात आणि शेजारी एकमेकांना विचारतात, ही जागा गेली तरी कधी? चौकशीअंती कळते की विसारपावती दोन वर्षांपूर्वीच झाली होती. सख्ख्या भावाला ठाऊक नव्हते. सासरी नांदणाऱ्या बहिणीला तर नव्हतेच नव्हते. ठाऊक होते एकाच माणसाला. तो घरातला नव्हता, पण घरात त्याची ये-जा होती. पूर्वी त्याला दलाल म्हणत. आता तो स्वतःला इस्टेट एजंट म्हणवतो.

जमीन विकणाऱ्याला पापी ठरवण्यासाठी आम्ही ही लेखणी उचललेली नाही. वाडी विकावी लागण्याची कारणे आम्हांला पुरती ठाऊक आहेत. दलालीचा धंदा मुळातच अधर्माचा आहे, असेही आम्ही म्हणत नाही. गिऱ्हाईक शोधणे, कागद जमवणे, दोन अनोळखी माणसांची गाठ घालून देणे, हे श्रम आहेत आणि श्रमाला मोल असते. आमचे म्हणणे वेगळे आहे. आपल्याकडचा जमिनीचा व घरांचा बाजार नासला आहे तो गुप्ततेमुळे, आणि ही गुप्तता हेच दलालाचे खरे भांडवल होऊन बसले आहे. ते भांडवल त्याला पुरवतो कोण? आपण पुरवतो.

शत्रू उघड होता तेव्हा

१९८०च्या दशकाची अखेर ज्यांनी पाहिली, त्यांना त्या वेळचे संकट डोळ्यांना दिसत होते. विहिरी उपसून पाणी नेणारे टँकर भर रस्त्याने धावत होते. १९९० साली वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, आणि आपल्या शेतांवर, वाड्यांवर नकाशांतील रंग चढू लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान एका मोर्चात चालले. पुढे ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका आली, आणि गावे तीतून वगळावीत म्हणून पुन्हा लोक रस्त्यावर उतरले. २५ जुलै २०२४ रोजी फादर दिब्रिटो आपल्यातून गेले. त्यांनी काय मिळवले व काय निसटले, ह्याचा हिशेब इतिहास मांडील. परंतु एक गोष्ट त्या लढ्याने निश्चित शिकवली होती: जमिनीचा प्रश्न चव्हाट्यावर मांडायचा असतो.

आज मोर्चा कोणावर न्यायचा? समोर टँकर नाही, दंडुका नाही. समोर आपल्याच धर्मग्रामातला एक गोडबोल्या तरुण आहे. रविवारच्या मिस्सेला तो हजर असतो, सणाच्या वर्गणीत त्याचे नाव वरचे असते, मयताला तो सर्वांआधी पोहोचतो. बाहेरून आलेला दलाल अंगणातच थांबला असता. हा ओटी ओलांडून थेट स्वयंपाकघरापर्यंत जातो, कारण त्याची आई आणि घरधनीण एकाच महिला मंडळात असतात.

त्याच्या कामाची रीत पाहा. कोणत्या घरात भावाभावांचे बोलणे बंद आहे, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले आहे, कोणाचा मुलगा कॅनडाला जाण्यासाठी पैसे जमवतो आहे, कोणाच्या घरी डायलिसिस सुरू आहे, ह्याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात नसते. ती दलालाच्या डोक्यात असते. सातबारा आता कोणालाही संगणकावर पाहता येतो. घराला कोठे तडा गेला आहे, हे मात्र केवळ जवळच्या माणसालाच दिसते. मग तो एका संध्याकाळी येतो. “अंकल, मुले परदेशी; वाडी कोण शिंपणार? विहिरीचे पाणी मचूळ झाले आहे. उद्या रस्त्यात जागा गेली तर हाती काय लागेल? आज गिऱ्हाईक आहे, पुन्हा मिळेल न मिळेल. फक्त सध्या कोणाजवळ बोलू नका, भाव पडेल.”

ह्या पाच वाक्यांतील पहिली चार कदाचित खरी असतील. पाचवे निखालस खोटे आहे. वस्तू विकायला आहे हे दहाजणांना कळले तर दहा गिऱ्हाइके येतात व भाव चढतो. एकालाच कळले तर एकच गिऱ्हाईक येते व त्याचाच भाव चालतो. भाजीची पाटी घेऊन पहाटेच्या गाडीने बाजार गाठणाऱ्या आपल्या आयांना हे अर्थशास्त्र शाळेत न जाता कळत होते. त्यांनी कधी भाजी झाकून विकली नाही. पाच किलो वांग्यांसाठी चार ठिकाणी भाव विचारणारा समाज दहा गुंठे वाडीसाठी एकाच माणसाच्या शब्दावर विसंबतो, ह्याला भाबडेपणा म्हणावे की आणखी काही?

कागदांची शिडी

गुप्ततेचा खरा लाभ कोणाला होतो ते आता पाहू. मालकाला एक भाव सांगायचा, घेणाऱ्याला दुसरा सांगायचा आणि मधला फरक आपल्या खिशात टाकायचा, हे दोघे एकमेकांना भेटले नाहीत तरच शक्य होते. शिवाय दोन टक्के इकडून व दोन टक्के तिकडून. जो दोन्ही पक्षांकडून पैसे घेतो तो नेमका कोणाचा वकील? ह्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. घेणारा बिल्डर त्याच्याकडे उद्याही येणार आहे; विकणारा म्हातारा आयुष्यात एकदाच विकणार आहे. दलालाची निष्ठा कोणत्या बाजूला झुकेल हे सांगायला ज्योतिषी नको.

नंतर कागदांची शिडी लागते. पहिली पायरी विसारपावतीची: किरकोळ रक्कम हाती ठेवून मालकाला वर्षानुवर्षे अडकवून ठेवायचे आणि तेवढ्यात तीच जागा चढ्या दराने पुढे फिरवायची. दुसरी पायरी हक्कसोडपत्राची, आणि ह्या पायरीपाशी आम्ही जरा अधिक थांबू इच्छितो. आपणां ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता माणूस वारला आणि मागे पत्नी व मुले असली, तर एकतृतीयांश हिस्सा पत्नीचा व उरलेला दोनतृतीयांश सर्व मुलांचा समसमान. त्यात मुलगा-मुलगी हा भेद नाही. हिंदू भगिनींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्याच्या बरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती २००५ साली झाली. आपल्या भगिनींना समान वाटा त्याच्या कितीतरी आधीपासून कायद्याने दिलेला आहे. तरीही आपल्या किती घरांत बहिणीला तो विचारला जातो? दलाल गाडी घेऊन तिच्या सासरी जातो, “फक्त सही हवी, बाकी भाऊ बघतील,” असे म्हणतो, आणि माहेर तुटू नये ह्या भीतीने ती सही करते. कागदावर तिने प्रेमापोटी हक्क सोडल्याचे लिहिलेले असते. त्या प्रेमाची किंमत काय ठरली होती, हे तिला कोणी सांगत नाही. माहेराची ओढ भांडवल म्हणून वापरणाऱ्या ह्या रीतीला आम्ही चोरी म्हणतो, आणि तिच्यात दलालाइतकाच भाऊही वाटेकरी असतो.

तिसरी पायरी कुलमुखत्यारपत्राची. “अंकल, ह्या वयात कचेरीत हेलपाटे कशाला? मी आहे ना!” असे म्हणत म्हाताऱ्याचा अंगठा किंवा थरथरती सही घेतली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले की नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर स्थावर मिळकतीची मालकी बदलत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. परंतु मुखत्यारपत्रधारक मालकाच्या वतीने करार करू शकतो, सह्या करू शकतो, पैसे स्वीकारू शकतो. तेवढे अधिकार घर उठवायला पुरेसे आहेत.

ह्या सर्वांवर कायदेशीर पांघरूण असते ते जाहीर नोटिशीचे. कोणाची हरकत असल्यास अमुक दिवसांत कळवावी, असा मजकूर गावात कोणी वाचत नाही अशा वर्तमानपत्रात, बारीक टायपात छापून येतो. नाव जाहीर, काम गुप्त!

साखळीचे दुसरे टोक

आपण एवढेच पाहतो की आपली वाडी गेली. साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे पाहण्याची तसदी आपण घेत नाही. तेथे आहे चर्चगेटला कारकुनी करणारा, किंवा मालाडच्या कारखान्यात खपणारा, कोकणातून, देशावरून, उत्तर प्रदेशातून आलेला माणूस. गावची जमीन विकून, बायकोचे दागिने मोडून, कर्ज काढून त्याने एका खोलीचे घर घेतलेले असते. त्याला ‘मोक्याची जागा, स्वच्छ कागदपत्रे’ असे सांगणारा तोच मधला माणूस.

नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प व कचराभूमी ह्यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडण्याचे काम २०२४ च्या अखेरीस सुरू झाले व २०२५ च्या फेब्रुवारीत संपले. सुमारे अडीच हजार कुटुंबे उघड्यावर आली. त्यांच्याजवळ करारनामे होते, वीज-बिले होती, घरपट्टीच्या पावत्या होत्या. नव्हते ते फक्त घर. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विरारला एक चार मजली अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसे गेली. ही घरे विकली गेली तेव्हा प्रत्येक दारापर्यंत गिऱ्हाईक आणून सोडणारा कोणीतरी होताच. त्याचे दोन टक्के त्याला केव्हाच मिळाले होते.

विकणारा म्हातारा आणि फसलेला कारकून हे एकमेकांचे वैरी नव्हेत, हे आम्ही आवर्जून सांगू इच्छितो. ते एकाच दोरीची दोन टोके आहेत, आणि दोरी मधल्या माणसाच्या हाती आहे. दोघांना एकमेकांचे तोंड पाहू न देणे ह्यातच त्याची कमाई. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्याखाली होते, तेव्हा पाण्याने जुना-नवा असा भेद केला नाही. भराव घालून बुजवलेल्या बावखलांचे व पाणथळींचे पाणी दोघांच्याही घरात शिरले.

तीन आक्षेप

आमच्या ह्या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला: माझी जमीन, माझा हक्क, गावाने नाक का खुपसावे? मान्य, हक्क तुमचाच आहे. परंतु तुमच्या वाडीतील बावखल बुजले की शेजाऱ्याच्या विहिरीचा झरा आटतो, तुमच्या भरावाचे पाणी त्याच्या ओटीवर चढते. खाजगी मालमत्तेवर समाजाचेही काही देणे असते, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात तिचीच पुन्हा आठवण करून दिली. ह्यासाठी गावाची परवानगी घ्या असे आम्ही म्हणत नाही. कळवा, एवढेच म्हणतो.

दुसरा आक्षेप असा की, दोष दलालाचा नाही, बाहेरून येणाऱ्या लोंढ्याचा आहे. आपल्याच माणसांना विका म्हणजे प्रश्न सुटेल. हा विचार ऐकायला गोड वाटतो, म्हणूनच तो अधिक घातक आहे. मुंबईत ‘मांसाहारी नको’ म्हणून आपल्या कुटुंबांना घर नाकारले जाते तेव्हा आपण संतापतो, आणि तो संताप न्याय्य आहे. मग ‘फक्त कॅथलिकांना’ अशी अट आपणच दलालाच्या कानात सांगतो, त्याचे समर्थन कसे करणार? सहकारी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणे कायद्यात बसू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली पारशी संस्थेच्या प्रकरणात म्हटले. कायद्यात बसणे वेगळे आणि शुभवर्तमानात बसणे वेगळे. शिवाय अनुभव असा की ‘आपल्या माणसाला’ विकलेली वाडी तो आपला माणूस वर्षभरात बिल्डरला देतो. आडनाव आपले असले म्हणून बावखल वाचत नाही.

ह्या संदर्भात उत्पत्तीच्या पुस्तकातील एक प्रसंग आम्हांला मार्गदर्शक वाटतो. सारा मरण पावली तेव्हा अब्राहाम त्या देशात उपरा होता. पुरायला हातभर जमीन नव्हती. त्याने एफ्रोन हित्तीकडून मकपेलाची गुहा व शेत विकत घेतले. कोठे? नगराच्या वेशीत, सर्व रहिवाशांच्या समक्ष. भाव सर्वांच्या कानांवर पडला: चांदीचे ४०० शेकेल. तो वजन करून मोजून दिला गेला. शेत, गुहा आणि शेतातील झाडेसुद्धा व्यवहारात नमूद झाली. विकणारा स्थानिक, घेणारा परका. तरी कोणी लुबाडले गेले नाही. कारण सगळे उजेडात झाले होते.

त्याच बायबलात नाबोथचाही द्राक्षमळा आहे. अहाब राजाने बदल्यात चांगला मळा देऊ केला, रोख पैसेही देऊ केले. नाबोथने वाडवडिलांचे वतन देण्यास नकार दिला. मग ईजबेलने काय केले? राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाचा शिक्का मारला, खोटे साक्षीदार उभे केले. खोटे कागद, खोटे शिक्के, खोट्या सह्या ह्यांची परंपरा अशी फार जुनी आहे! आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की नाबोथच्या गावच्या वडीलधाऱ्यांना ते सारे ठाऊक होते. ते गप्प राहिले.

तिसरा आक्षेप: आता कायदा झाला आहे, काळजी कशाला? २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे ‘रेरा’, खरोखर उपकारक आहे. त्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी करावी लागते. न केल्यास दर दिवसाला १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी बिल्डरने नोंदणीकृत करारनामा केला पाहिजे. २०२३ साली महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची करण्याचे ठरवले. परंतु हे कुंपण नव्या प्रकल्पांभोवती आहे. वाडी विकून देणारा गावातला दलाल त्याच्या बाहेर उभा आहे. जुन्या घराची फेरविक्री बाहेर आहे. लहान भूखंडावरची, आठ घरांच्या आतली इमारत बाहेर आहे. आणि नोंदणी क्रमांक हा काही ताईत नव्हे. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे क्रमांक मिळवले होते. न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला तेव्हा राहणाऱ्यांच्या पायांखालची वाळू सरकली.

मग करावे काय?

आम्ही चार मागण्या मांडतो. पहिली मागणी आपल्या दलाल बंधूंकडे. तुम्ही कोणाच्या बाजूने काम करता आणि कोणाकडून किती घेता, हे लेखी द्या. एका व्यवहारात एकाच पक्षाची दलाली घ्या. विकणारा व घेणारा ह्यांना समोरासमोर बसवा. ज्या इमारतीला बांधकाम परवानगी नाही, भोगवटा प्रमाणपत्र नाही, तिच्यात स्वतःच्या बहिणीला घर घेऊन द्याल का, हे स्वतःला विचारा. आणि उत्तर नकारार्थी असेल तर परक्याच्या बहिणीलाही देऊ नका.

दुसरी मागणी कुटुंबांकडे. घरातील कागद पेटीच्या तळाशी ठेवू नका. सातबारा, आठ-अ, फेरफार वर्षातून एकदा सर्व भावंडांनी एकत्र बसून वाचावेत. वारस नोंदी वेळच्या वेळी कराव्यात. विकायचेच असेल तर बहिणीला सहीच्या दिवशी नव्हे, विचाराच्या दिवशी बोलवावे. दोन दलालांना नव्हे, दोन वकिलांना विचारावे. आणि मुखत्यारपत्र द्यावेच लागले तर ते पोटच्या मुलालाही विचार करून द्यावे.

तिसरी मागणी धर्मग्रामाकडे. लग्न ठरले की वेदीसमोर नावे पुकारण्याची रीत आपल्याकडे आहे. कोणाला अडचण ठाऊक असल्यास सांगावी, एवढाच तिचा हेतू. त्या पुकारण्याने कोणाची अब्रू वेशीवर टांगली जात नाही. उलट लग्नाला प्रतिष्ठा येते. मग जमिनीच्या व्यवहाराची सूचना देवळाच्या फलकावर लागली तर लाज का वाटावी? पालकीय मंडळाने असा एक फलक ठेवावा, लावायचा की नाही हे कुटुंबाच्या मर्जीवर सोडावे. चार घरांनी लावला की पाचव्याला संकोच राहणार नाही. त्याचबरोबर महिन्यातून एक रविवार एखाद्या जाणत्या वकिलाला व निवृत्त महसूल कर्मचाऱ्याला देवळाच्या सभागृहात बसवावे, कागद विनामूल्य तपासून मिळावेत. देवळाचा मंडप सजवायला आपल्याला माणसे मिळतात. ह्या कामालाही मिळतील.

चौथी मागणी शासनाकडे: नोंदणीची सक्ती गावोगावच्या जमीन-दलालांना व फेरविक्री करणाऱ्यांनाही लागू करा.

ही चौथी मागणी मान्य व्हायला वर्षे लागतील. पहिल्या तिन्हींना शासनाचा आदेश लागत नाही, न्यायालयाची तारीख लागत नाही, मोर्चाही लागत नाही. रात्री जेवण झाल्यावर पेटी उघडायची, कागद बाहेर काढायचे, दूर असलेल्या भावंडांना फोन लावायचा आणि सगळ्यांच्या देखत ते वाचायचे, एवढेच करायचे आहे. ज्या घरात हे होईल, तेथे दलाल आला तरी त्याला सांगण्यासारखे गुपित उरणार नाही. मग तो आपले श्रम विकेल आणि आपण त्याला त्यांचे योग्य मोल देऊ.